शस्त्राकडून मुष्टीकडे : चिनी युद्धविद्येतील शस्त्राभ्यासाचे स्थान

१

युद्ध व पराक्रम यांचा वाचक असा ‘वू’ हा शब्द चिनी भाषेत फार प्राचीन काळापासून आढळतो. हा शब्द ज्या चिन्हाने लिहितात त्याच्या व्युत्पत्तीविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. ‘झ्वोज्वान’ या इतिहासग्रंथानुसार इ. स. पू. ५९७ मध्ये एका मोठ्या विजयानंतर चू राज्याचा राजा ज्वांग यास शत्रूंच्या प्रेतांचा ढिगारा रचून त्याचे विजयस्मारक करावे असे सुचविण्यात आले. राजाने ते नाकारले आणि आपल्या नकाराच्या समर्थनार्थ ‘वू’ या चिन्हाची फोड करून दाखविली. या चिन्हाचा एक घटक ‘ग’ म्हणजे दांड्याला काटकोनात पाते बसविलेले शस्त्र, व दुसरा ‘जी’ म्हणजे थांबणे. अतएव शस्त्र थांबविणे हाच खरा पराक्रम होय, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे इ. स. १०० च्या सुमारास शू शन या कोशकारानेही हीच व्युत्पत्ती स्वीकारली आणि ती सर्वमान्य झाली.

नीतीच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती कितीही उदात्त असली तरी भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने ती टिकत नाही. शांग राजवटीतील प्रश्नास्थींवरचे लेख १८९९ नंतर अभ्यासकांच्या हाती आले, आणि या चिन्हाचा दुसरा घटक मुळात मानवी पाऊल असल्याचे स्पष्ट झाले. शस्त्र घेऊन पावले टाकणे, चाल करून जाणे, असाच मूळ अर्थ असावा असे आज बहुतेक लिपिशास्त्रज्ञ मानतात. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या दोन्ही व्युत्पत्तींत मतभेद आहे तो पावलाविषयी. शस्त्राविषयी नाही. ‘वू’च्या पोटात शस्त्र आहे, मूठ मात्र कोठेही नाही.

चिनी युद्धविद्या म्हटली की आज आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते नेमके याच्या उलट असते. रिकाम्या हातांनी लढणारा भिक्षू अथवा पहाटे उद्यानात संथपणे हात फिरविणारा वृद्ध, हे त्या विद्येचे प्रातिनिधिक रूप समजले जाते. भाला, काठी, तलवार ही तिची शोभेची अंगे ठरतात. मग स्वाभाविकच असा प्रश्न विचारला जातो की, ज्या काळात कोणी भाला घेऊन रस्त्याने जात नाही त्या काळात भाल्याचा अभ्यास कशासाठी करावयाचा? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्यामागील गृहीत तपासले पाहिजे. मूठ आधी व शस्त्र नंतर, हा क्रम आपण ज्याला परंपरा म्हणतो तिचा आहे काय? उपलब्ध साधने पाहता तो तसा नाही. तो क्रम बराच अर्वाचीन आहे, आणि तो कसा पालटला हे समजल्यावाचून शस्त्राभ्यासाचे मूल्यही समजत नाही.

२

बान गू (इ. स. ३२ ते ९२) याने रचलेल्या ‘हानशू’ या इतिहासात तत्कालीन राजग्रंथालयातील ग्रंथांची सूची आली आहे. तिच्या युद्धविषयक विभागात युद्धकौशल्याच्या ग्रंथांचा एक स्वतंत्र गट आहे. हात व पाय यांचा सराव करणे आणि शस्त्रे व यंत्रे यांचा वापर सुलभ करून घेणे, अशा आशयाची व्याख्या तेथे दिली आहे. या गटात हातांनी लढण्याच्या विद्येवरील ग्रंथाचे ६ भाग नोंदविले आहेत, तर खड्गविद्येवरील ग्रंथाचे ३८. धनुर्विद्येवरील ग्रंथ तर अनेक आहेत. हे ग्रंथ आज नष्ट झाले असून त्यांतील मजकुराविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. परंतु त्या काळच्या विद्वानांच्या मनातील प्रमाण या आकड्यांतून पुरेसे व्यक्त होते.

राज्यसंस्थेची दृष्टीही अशीच होती. सम्राज्ञी वू झत्येन हिने इ. स. ७०२ मध्ये सैनिकी परीक्षा सुरू केल्या. मधल्या काळातील खंड वगळता त्या १९०१ पर्यंत चालल्या. छिंग राजवटीत या परीक्षांत घोड्यावरून व पायी शरसंधान, जड धनुष्य ओढणे, वजनदार दांडपात्याचे शस्त्र फिरविणे व दगड उचलणे अशा कसोट्या असत. मुष्टियुद्धाची कसोटी त्यांत नव्हती. परीक्षेत जे विचारले जाते तेच विद्येचे सर्वस्व नसते, हे विद्यापीठात वावरणाऱ्यास सांगावयास नको. तथापि समाजाने कोणत्या कौशल्याला प्रतिष्ठा दिली याचा तो एक विश्वसनीय पुरावा असतो.

३

या विषयावरील सर्वांत स्पष्ट साधने सोळाव्या शतकातील आहेत. मिंग साम्राज्याच्या आग्नेय किनाऱ्यावर तेव्हा समुद्री लुटारूंनी धुमाकूळ घातला होता. त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या सेनापतींमध्ये छी जीग्वांग (१५२८ ते १५८८) अग्रगण्य होता. त्याने सुमारे १५६० मध्ये ‘जीश्याव शिनशू’ हा १८ प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. नुकत्याच भरती केलेल्या खेडूत माणसांना थोड्या अवधीत लढण्यास योग्य कसे करावे, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. त्याच्या ‘युआनयांग’ म्हणजे चक्रवाकयुगुल या नावाच्या व्यूहात १२ माणसे असत : एक नायक, दोन ढालवाले, डहाळ्या राखलेल्या लांब बांबूचे शस्त्र धरणारे दोन, लांब भाल्यांचे चार, त्रिशूळासारखी आखूड शस्त्रे घेतलेले दोन आणि एक आचारी. कोणते शस्त्र कोणास द्यावे हे वय, देहयष्टी व स्वभाव पाहून ठरे. वेताची ढाल चपळ तरुणास, डहाळ्यांचा जड बांबू धिप्पाड माणसास. येथे शस्त्र हे व्यक्तीचे भूषण नसून समूहाच्या रचनेतील एक स्थान आहे.

याच ग्रंथाचे चौदावे प्रकरण मुष्टिविद्येवर असून त्यात ३२ पवित्रे सचित्र वर्णिले आहेत. चिनी मुष्टिविद्येच्या इतिहासात या प्रकरणाला फार मोठे स्थान आहे. ताइजीछ्वान, म्हणजे आपल्याकडे ‘ताई ची’ या नावाने परिचित असलेली पद्धती, जिच्या प्राचीनतम शाखेत आढळते त्या छन कुलाच्या परंपरेत या ३२ पैकी बहुसंख्य पवित्रे आहेत, ही गोष्ट थांग हाव (१८९७ ते १९५९) या संशोधकाने पुढे आणली. परंतु स्वतः छी जीग्वांगचा अभिप्राय काय होता? मोठ्या लढाईत मुष्टिविद्येचा फारसा उपयोग नाही, असे तो प्रकरणाच्या आरंभीच सांगतो. हातपाय मोकळे करणे व अंगाला मेहनतीची सवय लावणे एवढ्यासाठी ती उपयुक्त आहे. युद्धविद्येत प्रवेश करण्याचे ते दार आहे. दार आणि घर यांतील भेद त्याच्या मनात इतका पक्का होता की १५८४ च्या १४ प्रकरणांच्या सुधारित आवृत्तीत त्याने हे प्रकरण गाळून टाकले. आज ज्याला आपण मूलग्रंथ मानतो तो त्याच्या कर्त्याने वगळण्याजोगा मानला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याचा ज्येष्ठ समकालीन यू दायौ (१५०३ ते १५७९) याने ‘ज्येनजिंग’ नावाचा ग्रंथ लिहिला. नावाचा अर्थ ‘खड्गसूत्र’. विषय मात्र आहे काठी. काठीचे स्थान सांगताना त्याने जी उपमा योजिली ती त्या काळच्या विद्यार्थ्याला तत्काळ पटणारी होती. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चार ग्रंथ नीट समजले की सहा अभिजात ग्रंथांचा अर्थ उलगडतो. त्याचप्रमाणे काठी आली की इतर शस्त्रांचे तत्त्व उलगडते, असे तो म्हणतो. म्हणजे पायाभूत शिक्षण होते, ते काठीचे. हाच यू दायौ सुमारे १५६१ मध्ये शाओलिन विहारात गेला. तेथील काठीविद्येची कीर्ती त्याने ऐकली होती. प्रत्यक्षात तिचे मर्म हरपले आहे असे त्याचे मत झाले, आणि तो दोन तरुण भिक्षूंना आपल्याबरोबर दक्षिणेस घेऊन गेला. सुमारे तीन वर्षे शिकून ते परतले. शाओलिनचे नाव या काळात गाजत होते ते काठीमुळे, हे या प्रसंगावरून उघड होते.

सतराव्या शतकाच्या आरंभी छंग झोंगयौ याने शाओलिनच्या काठीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो १६२१ मध्ये त्याच्या इतर शस्त्रविषयक लेखनासह प्रसिद्ध झाला. त्याने दहा वर्षांहून अधिक काळ त्या विहारात शिक्षण घेतले होते. भिक्षू आता काठी सोडून मुष्टिविद्येवर भर का देत आहेत, या शंकेस त्याने दिलेले उत्तर मोलाचे आहे. काठीविद्या पूर्णत्वास पोचली आहे, मुष्टिविद्या मात्र देशात अद्याप फारशी प्रसृत नाही. तिलाही त्याच पूर्णतेस न्यावे असा भिक्षूंचा प्रयत्न आहे, असे तो सांगतो. आपण ज्या स्थित्यंतराचा शोध घेत आहो, त्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या साक्षीदाराची ही जबानी होय.

४

हे स्थित्यंतर का घडले? एकच एक कारण देण्याचा मोह टाळला पाहिजे. बंदुका व तोफा छी जीग्वांगच्या सैन्यातही होत्या, तेव्हा केवळ दारूगोळ्याच्या आगमनाने भाला निरुपयोगी झाला असे म्हणता येत नाही. दुसरे कारण अधिक अंतर्गत आहे. मिंग राजवटीच्या उत्तरकाळात ताओपंथी प्राणायामसदृश व्यायाम, आरोग्यसाधना व युद्धविद्या यांचा संगम होऊ लागला. ज्याच्या प्रस्तावनेच्या आधारे त्याचा काळ १६२४ च्या सुमाराचा मानतात तो ‘यीजिनजिंग’ हा स्नायुपरिवर्तनाचा ग्रंथ या संगमाचे उदाहरण होय. १६६९ मध्ये ह्वांग झोंगशी याने वांग जंगनान या मुष्टियोद्ध्याच्या समाधिलेखात ‘अंतर्गत’ व ‘बाह्य’ अशा दोन संप्रदायांचा भेद प्रथम मांडला. आरोग्य, दीर्घायुष्य, आत्मशोधन ही उद्दिष्टे ज्या विद्येला चिकटली तिला शस्त्र अनिवार्य राहिले नाही. देह हेच साधन आणि देह हेच साध्य झाले.

यात राज्यसत्तेच्या संशयाचीही भर पडली. १७२७ मध्ये योंगजंग सम्राटाने मूठ व काठी शिकविणाऱ्या उस्तादांवर बंदी घालणारा हुकूम काढला. त्या हुकमातील शब्दप्रयोग लक्षणीय आहे. लोकांच्या तोंडी आणि दप्तरांतही ‘मूठ-काठी’ हा जोडशब्दच रूढ होता. म्हणजे खेड्यांतील शिक्षणात दोहोंची फारकत तोपर्यंत झालेली नव्हती. बंदी कागदावर किती व व्यवहारात किती होती, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु शस्त्र लपविता येत नाही आणि मूठ लपवावी लागत नाही, हा व्यवहार कोणाही शिष्यास समजण्यासारखा होता.

५

वस्तू नाहीशी झाली तरी तिचा शब्द मागे राहतो, हा भाषाभ्यासकाच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. आपण मराठीत ‘तोंडाचा पट्टा सोडला’ असे म्हणतो. असे म्हणणाऱ्या शंभरांपैकी किती जणांनी हाताला कोपरापर्यंत चढवून फिरविण्याचा तो पट्टा पाहिलेला असतो? वादात कोणी ‘पवित्रा बदलतो’ तेव्हाही फरी-गदक्याचा खेळ आपल्या ध्यानी नसतो. चिनी मुष्टिविद्येची परिभाषा अशाच अवशेषांनी भरलेली आहे. शिंगयी या पद्धतीत पाच मूलभूत प्रहार आहेत. परंपरा त्यांतील पहिल्याला कुऱ्हाडीची, एकाला बाणाची, एकाला तोफेची उपमा देते. आणि ही संपूर्ण पद्धती भाल्याच्या हातांवरून बेतली गेली असे तिचे अनुयायी सांगत आले आहेत. छन कुलाच्या एका पाठाचे नावच ‘तोफेचे प्रहार’ असे आहे. ताइजीछ्वानमधील सुप्रसिद्ध ‘दानब्येन’ या पवित्र्यातील ‘ब्येन’ म्हणजे चाबूक अथवा त्याच नावाचे लोखंडी दंडशस्त्र. हे नाव छी जीग्वांगच्या ३२ पवित्र्यांतही आढळते.

केवळ नावावरून उत्पत्ती सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. उपमा या उपमाच असू शकतात. परंतु नाव, देहाची ठेवण आणि ऐतिहासिक क्रम ही तिन्ही जेथे एकाच दिशेने बोट दाखवितात तेथे त्यांची दखल घ्यावी लागते. रिकाम्या हाताच्या पाठात एक हात पुढे व दुसरा कमरेपाशी, दोन्ही एका रेषेत, अशी जी ठेवण अनेकदा येते ती निव्वळ मुष्टियुद्धाच्या दृष्टीने कोड्यात टाकणारी असते. त्या दोन हातांत भाल्याचा दांडा कल्पिला की तिचा उलगडा होतो. ज्या शिष्याने भाला कधी धरलाच नाही त्याला ही ठेवण पाठ करता येते, वाचता मात्र येत नाही. शस्त्राभ्यासाचे पहिले मूल्य हे आहे. तो मुष्टिविद्येच्या संहितेवरील भाष्य आहे, आणि भाष्य हरपलेली संहिता घोकंपट्टीच्या स्वाधीन होते.

६

दुसरे मूल्य शिक्षणशास्त्रीय आहे. चिनी उस्तादांमध्ये एक म्हण प्रचलित आहे की काठीला महिना, तलवारीला वर्ष आणि भाल्याला जन्म लागतो. भाल्याचे मूलभूत हात तीनच : बाहेरच्या बाजूने अडविणारे वर्तुळ, आतल्या बाजूने दाबणारे वर्तुळ आणि सरळ भोसकणे. त्यांना अनुक्रमे ‘लान’, ‘ना’ व ‘जा’ म्हणतात. तीन हात शिकण्यास जन्म का लागावा? कारण मागचा हात एखाद्या बोटाइतका ढळला तर दांड्याच्या दुसऱ्या टोकाशी तो दोष कितीतरी पट मोठा होऊन दिसतो. कंबर आणि पाऊल यांचा मेळ बसला नाही तर टोक थरथरते. रिकाम्या हाताच्या अभ्यासात असे दोष स्वतःच्याही नजरेतून सुटतात. लांब भाला त्यांना सर्वांसमक्ष उघडे करतो. काठी दोन्ही हातांना समान काम देते व दोन्ही टोकांचे भान ठेवावयास लावते. एकधारी तलवार मस्तकाभोवती फिरविताना रिकाम्या हाताची जागा चुकली तर इजा स्वतःलाच होते. अंतर, वेळ आणि प्रमादाचे फळ या तीन गोष्टी शस्त्र ज्या निष्ठुरपणे शिकविते तशा मूठ शिकवीत नाही. ठोसा बसला तर माणूस सावरतो. भाल्याची चूक दुरुस्त करण्यास अवधी मिळत नाही.

परंतु हे मूल्य शस्त्र हाती धरल्याने आपोआप प्राप्त होत नाही. छी जीग्वांग दिखाऊ हातांवर, ज्यांना तो फुलोऱ्याचे हात म्हणतो, सतत टीका करतो. भाल्याच्या परीक्षेसाठी त्याने योजिलेली पद्धत पाहावी. एका लाकडी फळीवर डोळा, कंठ, हृदय, कंबर व पाय यांच्या जागी छिद्रे पाडून त्यांत लहान लाकडी गोळे बसवीत. सैनिकाने २० पावलांवरून नगाऱ्याच्या ठोक्यावर धावत येऊन भाल्याच्या टोकाने ते गोळे उचलावयाचे. भाला किती सुंदर फिरला याला तेथे गुण नव्हते. ज्या शस्त्राभ्यासाला अशी कसोटी नाही तो त्याच्या लेखी अभ्यासच नव्हता.

शस्त्राभ्यासाने ज्ञानाचे मार्गही खुले ठेवले. १५६१ मध्ये छी जीग्वांगला रणांगणावर जपानी तलवारविद्येचे एक हस्तलिखित सापडले व त्याने ते अभ्यासिले. छंग झोंगयौ यानेही जपानी तलवारीच्या हातांवर ग्रंथ लिहिला. माव युआनयी याने आपल्या २४० खंडांच्या ‘वूबेई जी’ (१६२१) या कोशात दुधारी खड्गाची जी पद्धती दिली ती चीनमध्ये लुप्त झालेली असून कोरियातून मिळविली असे म्हटले आहे. उलट कोरियात १७९० मध्ये राजाज्ञेने सिद्ध झालेला २४ युद्धप्रकारांचा सचित्र ग्रंथ छी जीग्वांगचा ऋणी आहे. त्यातही मुष्टियुद्धाला एकच प्रकरण आहे. शत्रूकडून शिकण्यात या मंडळींना कमीपणा वाटला नाही. विद्येच्या शुद्ध राष्ट्रीय उगमाच्या कथा नंतरच्या आहेत.

७

विसाव्या शतकात शस्त्राला पुन्हा नवे अर्थ प्राप्त झाले. १९१० मध्ये शांघायमध्ये ह्वो युआनज्या याच्या नावाशी निगडित अशी जिंगवू संस्था निघाली. तिच्या दहा मूलभूत पाठांत काठी, तलवार, भाला आणि तलवार विरुद्ध भाला असे शस्त्रपाठ होते. उद्दिष्ट मात्र राष्ट्राच्या शरीरसंवर्धनाचे होते. १९२८ मध्ये नानजिंग येथे मध्यवर्ती ग्वोशू संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी तिने राष्ट्रीय परीक्षा घेतली. ‘ग्वोशू’ म्हणजे राष्ट्रविद्या. नावातच कार्यक्रम होता. १९३३ मध्ये चीनच्या महाभिंतीवरील शीफंगखौ खिंडीत चिनी सैनिकांनी रुंद पात्याच्या तलवारी घेऊन जपानी छावणीवर रात्री छापे घातले आणि त्या तलवारीचे राष्ट्रीय प्रतीक बनले. परंतु प्रतीक व फलश्रुती यांत गल्लत करू नये : त्याच वर्षीच्या मे महिन्यात चीनला मानहानीचा तह करावा लागला. आधुनिक तोफखान्यापुढे तलवार युद्ध जिंकीत नाही, हे त्या पराक्रमानेच दाखवून दिले. १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी चिनी पथकाने आपल्या विद्येची प्रात्यक्षिके केली. त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेही तेथे भारतीय खेळ दाखविले. दोन पराधीन वा पीडित समाज एकाच प्रेक्षकवर्गापुढे आपल्या व्यायामविद्येची प्रतिष्ठा सिद्ध करू पाहत होते.

१९४९ नंतर ‘वूशू’ ही संज्ञा अधिकृत झाली आणि १९५९ मध्ये स्पर्धांचे नियम ठरले. तलवार, खड्ग, काठी व भाला यांना स्पर्धेत सन्मानाचे स्थान मिळाले. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धांपासून वूशूचा त्या स्पर्धांत समावेश झाला. पण गुण दिले जाऊ लागले ते गती, उड्डाण, सफाई आणि डौल यांना. पाती पातळ व हलकी झाली. ती हलविताच खणखणतात आणि लवतात. शस्त्र टिकले, परंतु त्याचे वजन गेले आणि समोरचा प्रतिस्पर्धीही गेला. छी जीग्वांग ज्याला फुलोरा म्हणे त्याला पारितोषिक मिळू लागले. या खेळाडूंचे देहकौशल्य असामान्य आहे यात शंका नाही. ते कौशल्य नृत्याच्या अधिक जवळचे आहे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

८

सारांश, शस्त्राभ्यास हा चिनी युद्धविद्येचा उत्तरकालीन अलंकार नव्हे. दीर्घ काळ तीच मूळ विद्या होती आणि मुष्टिविद्या तिचे प्रवेशद्वार. सतराव्या शतकापासून हा क्रम हळूहळू पालटला, आणि पालटलेला क्रमच पुढे प्राचीन म्हणून शिकविला गेला. त्यामुळे ‘आज भाल्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. कारण लढाईतील उपयोग संपल्यावर मुष्टिविद्येचाही जो उपयोग शिल्लक राहतो तो भाल्याच्या उपयोगाहून फार निराळा नाही. कोणतीही विद्या उपयोगाच्या एका अर्थातून दुसऱ्या अर्थात जाताना काहीतरी गमावते. काय गमावले हे जाणण्याची सोय तिच्यात शिल्लक असावी, एवढीच अपेक्षा करता येते. चिनी युद्धविद्येत ही सोय शस्त्राने ठेवली आहे. मात्र ते पुरेसे जड असले पाहिजे, त्याच्यासमोर कोणीतरी उभे असले पाहिजे आणि चुकल्यास ती चूक दिसली पाहिजे.

राजा ज्वांगची व्युत्पत्ती चुकीची होती हे आपण आरंभी पाहिले. तथापि त्या चुकीतही एक तथ्य राहून गेले आहे. शस्त्र थांबविण्याची भाषा त्याच्या तोंडी शोभली, कारण ते चालविल्याने काय होते हे त्याने नुकतेच रणांगणावर पाहिले होते.